रायफल वाकडी की मी

१८ सप्टेंबर २०२५

आलं! लायसन्स हातात आलं. अर्ज केल्याला दोन वर्षं सात महिने झाले. मधल्या मधे जिल्ह्याचं नाव बदललं, तर खिडकीतल्या बाबाने फाईल परत केली — "मॅडम, अर्जावर अहमदनगर आहे, आता अहिल्यानगर लागेल." मी म्हटलं, मी आहे तीच आहे, नाव तुम्ही बदललंत! हसला नाही. मुकाट्याने नवा अर्ज भरला.

पुस्तकात लिहिलंय: पंकजा राधाकृष्ण, वय ५०, माध्यमिक शाळेत लिपिक, राहणार श्रीरामपूर. कारण — क्रीडा. एक रायफल, पॉइंट टू टू.

ह्यांनी चहा पिता पिता विचारलं, "म्हणजे आता आणायचीच का?"

म्हटलं, नाही, लायसन्सला फ्रेम करून भिंतीवर लावू.

२१ सप्टेंबर

शामकांत सरांकडे जाऊन आले. संगमनेरच्या कॉलेजात गणित शिकवायचे, आता चौऱ्याऐंशीचे आहेत, हात थरथरतात. रायफल विकायची म्हणून त्यांनीच नगरच्या दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, त्याने मला सांगितलं.

१९४४ ची आहे! लष्करात नव्या जवानांना नेमबाजी शिकवायला वापरायचे. दिसायला थेट लढाईतल्या रायफलीसारखी, वजनही तेवढंच, पण आतून नळी बारीक. पुढे लष्कराने मोडीत काढल्या, लिलावात गेल्या, तेव्हा सरांनी घेतली. दस्ता अक्रोडाचा, काळपट झालाय. त्यावर कुणीतरी चाकूने दोन रेघा मारल्यात. लोखंडावर मुकुटाचा छाप आणि नंबर. काडतूस आत सरकवायचा बोल्ट मागे ओढला तर असा काही गुळगुळीत आवाज, की मी तीन वेळा ओढला. सर गालात हसले.

"पाच मारल्या तर पाचही एका नाण्याखाली बसतात," म्हणाले. "नाही बसल्या तर दोष तिला द्यायचा नाही."

दमयंतीकाकू आतून चहा घेऊन आल्या. "ने गं बाई एकदाची! माझ्या साड्यांच्या कपाटात अर्धी जागा हिचीच आहे. लग्नात सवत आणावी तशी आणली होती ह्यांनी."

 निघताना सरांनी दस्त्यावरून एकदा हात फिरवला. मला उगाच चोरट्यासारखं झालं.

२४ सप्टेंबर

ऑफिसात सगळे विचारतायत, बाई, रायफल कशाला? बिबट्या मारणार का? मी म्हणते, हो, आधी ऑडिटर.

खरं कारण इथे लिहून ठेवते.

नोव्हेंबर १९९४. मी एसवायला, एन.सी.सी.त. श्रीरामपूरच्या आख्ख्या कॉलेजात माझ्यासारखा नेम कुणाचा नव्हता, पोरांचासुद्धा. दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या कॅम्पसाठी पुण्याला निवड होती. दादांनी — माझ्या वडिलांनी — अख्ख्या भावकीसमोर शब्द दिला होता: "पोरगी दिल्लीला गेली तर पुढं शिकल, पोलिसात जाईल. न्हाई गेली तर आलेलं स्थळ बघू." माझी बाजू घेऊन बोलले म्हणून मी केवढी खूश!

पुण्याला पाच गोळ्या मारल्या. पाचही डावीकडे. दोन तर शेजारणीच्या टार्गेटवर! आमच्या एन.सी.सी.च्या सुभेदार साहेबांनी कागद आणून दाखवला आणि म्हणाले, "बेटी, शिस्त ठीक नहीं है."

त्यांच्या हिंदीत शिस्त म्हणजे नेम. एन.सी.सी.च्या पहिल्या दिवशी "शिस्त लो!" म्हणून ओरडले तेव्हा आम्ही बेलापूरच्या, माझ्या माहेरगावच्या पोरी ताठ बसून टोप्या नीट करायला लागलो होतो. पण त्या दिवशी मला दोन्ही अर्थ लागले.

घरी येऊन सांगितलं, रायफल वाकडी होती. मे महिन्यात लग्न झालं. हे वाईट नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. एस.टी.त कंट्रोलर होते, साधा माणूस आहे, लग्नानंतर बी.ए. पूर्ण करू दिलं, नोकरी करू दिली. पण "करू दिलं" हा शब्द मला टोचतोच.

एकतीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, रायफल वाकडी होती. सासरी, शाळेत, पोरीला. मनात मात्र एकच किडा — खरंच ती वाकडी होती, की मी?

आम्हाला एन.सी.सी.त द्यायचे त्याच जातीची रायफल आता माझी स्वतःची असणार आहे. कळेल.

२९ सप्टेंबर

दुकानात सरांचं नाव कमी झालं, माझं चढलं. पोलीस ठाण्यात नोंद झाली. एस.टी.नेच आणली, कव्हरात. राहुरीला शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "भजनी मंडळाची का गं तू? वीणा हाय का?"

म्हटलं, हो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आई बेलापूरहून आली. दादा गेल्यापासून महिना भावाकडे, महिना माझ्याकडे, असं चालतं तिचं. आल्या आल्या विचारलं, "कुठंय ती?"

पाटावर मांडली. ह्यांचा पाना-पक्कड, माझी शिलाई मशीन, विळी आणि रायफल. आईने सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिले. रायफलीला तर दोनदा. आणि मला म्हणाली, "बयो, हिनं कुनाचा जीव न्हाई ना घ्यायचा?"

कागदाचा घेईल फक्त, म्हटलं.

१२ ऑक्टोबर

पहिल्यांदा रेंजवर!

नगरच्या क्लबची रेंज. रविवारी छगनराव असतात. लष्करात तीस वर्षं हत्यारं दुरुस्त केलेला माणूस, आता दुकानातली दुरुस्ती बघतात. माझी रायफल हातात घेतली आणि आधी वासच घेतला. मग मागच्या खाचेत डोळा लावला आणि ओरडले, "बाई, ह्यात कुकू कुनी भरलंय?"

मागची खाच आणि पुढचं टोक जुळवून नेम धरायचा असतो. आईने कुंकवाचं बोट नेमकं खाचेतच पुसलं होतं! छगनरावांनी काडीने काढलं. रेंजवरचे सगळे हसत होते. मीही हसले, पण कानशिलं तापली होती.

मग पालथी झोपले. पंचवीस यार्ड. पन्नाशीत पालथं झोपून दम धरणं सोपं नाही, पोट मधे येतं. पाच मारल्या.

पाचही डावीकडे.

मला रडू यावं की हसू, कळेना. आधी आनंदच झाला, खोटं का लिहू! म्हटलं, बघा, ह्या जातीच्या रायफलीच वाकड्या.

२६ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ छगनरावांना दिला आणि सांगितलं, पुढचं टोक सरकवा. गोळी डावीकडे जाते तर टोक डावीकडे सरकवायचं, म्हणजे गोळी उजवीकडे येते. एवढं मला येतं.

ते म्हणाले, "आधी मला मारू द्या की पाच."

मी ऐकलं नाही. माझी रायफल, माझ्या काडतुसांचा कोटा. "सरकवा तुम्ही," म्हटलं. चकली खात खात सरकवलं त्यांनी, पण तोंड वाकडं करून.

परत पाच मारल्या. तीन डावीकडे, एक उजवीकडे, एक कुठे गेली देवाला ठाऊक.

९ नोव्हेंबर

तेच. उलट जास्त पसरल्या.

ह्यांनी घरी विचारलं, "जमलं का?" मी भाकरी थापता थापता म्हटलं, रायफल वाकडी आहे. म्हणाले, "ही पण?"

दोनच शब्द. माणूस चेष्टेने बोलला. पण माझा भाकरीचा हात थांबला तो थांबलाच.

१८ जानेवारीला जिल्ह्याची खुली स्पर्धा आहे. नाव दिलंय.

२३ नोव्हेंबर

आज छगनरावांनी रायफल हातातून काढूनच घेतली.

वाळूच्या पिशवीवर टेकवली, पाच मारल्या. कागद आणला. पाचही उजवीकडे, पण सगळ्या एकमेकींना चिकटून. म्हणाले, "दोन बोटं उजवीकडं. म्या तुमच्या सांगन्यावरनं जेवढं सरकवलं, बराबर तेवढंच." मग टोक परत होतं तिथे ठोकलं. पुन्हा पाच.

मधोमध. वरून रुपयाचं नाणं ठेवलं तर पाचही भोकं झाकली गेली.

"रायफल सुतासारखी सरळ हाय, बाई."

 डबा न खाता परत आणला. बसमध्ये सुभेदार साहेब आठवत राहिले. बिचाऱ्यांना एकतीस वर्षं शिव्या दिल्या मी. वाकडी रायफल देऊन पोरीचं वाटोळं केलं म्हणून. आता असतील की नसतील.

म्हणजे मीच. संपला विषय.

२४ नोव्हेंबर

काही नाही. ऑफिस. बोनाफाईडचे चाळीस दाखले लिहिले.

३० नोव्हेंबर

गेले नाही रेंजवर. ह्यांनी विचारलं नाही, तेही बरं. कपाट उघडून रायफल पुसली आणि ठेवली. सरांना परत घ्या म्हणावं का? पण काकूंनी तिथे साड्या लावल्या असतील.

७ डिसेंबर

हे मला न सांगता सकाळी डबा भरून तयार! "चल, मी पण येतो. मला बघायचंय तरी कशी वाकडी आहे ती." गेले मग.

छगनराव आज टार्गेटकडे बघतच नव्हते. माझ्या शेजारी पालथे पडून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला राग आला. म्हटलं, माझ्या तोंडावर काय लिहिलंय?

"तुमचा डावा डोळा उघडा ऱ्हातोय."

"तो मला मिटताच येत नाही एकटा. लहानपणापासून. उजवा मिटतो."

ते उठून बसले. "व्हय? आधी का न्हाई सांगितलं?" मला समोर उभं केलं. दोन्ही हातांच्या पंजांची छोटी खिडकी करायला लावली आणि म्हणाले, त्यातून दोन्ही डोळ्यांनी तो लांबचा खांब बघा. बघितला. मग म्हणाले, आता डोळे एकेक करून झाका. उजवा झाकला तरी खांब जागच्या जागी. डावा झाकला, तर खांब खिडकीतून गायबच!

"तुमचा मालक डोळा डावा हाय. रायफल उजव्या खांद्यावर, उजवा डोळा खाचेमागं, अन् बघतोय डावा. मंग गोळी डावीकडं न्हाई जानार तर काय?"

मी म्हटलं, मग कॉलेजात माझा नेम पहिल्या नंबरचा कसा होता? ते म्हणाले, "तेवा काय करत हुता?" आणि मी उभ्या उभ्या गार पडले.

बट! कपाळावरची केसांची बट कायम डाव्या डोळ्यावर यायची. कॉलेजच्या रेंजवर कुणी टोकत नव्हतं. पुण्याला निवडीच्या सकाळी एन.सी.सी.च्या मॅडमनी आमच्या रांगेतून फिरून एकेकीच्या केसांना पिना मारल्या. माझी बट चापून मागे बसवली. "अब ठीक है," म्हणाल्या.

एका पिनेने!

हे मागे उभे राहून सगळं ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे ती पिन नसती तर तू पोलिसात असतीस." मी हो म्हटलं. "आणि मला कोण मिळालं असतं?" बोलले आणि लगेच बाजूला जाऊन पाणी प्यायले. चिडावं की हसावं, कळेना मला.

१४ डिसेंबर

छगनराव म्हणाले दोन इलाज आहेत. डाव्या डोळ्यावर पट्टी, नाहीतर खांदा बदला. पट्टी लावून मारल्या — बऱ्या. पण घाण्याच्या बैलासारखं वाटत होतं.

"मंग घ्या डाव्या खांद्यावर."

म्हटलं, अहो, डाव्या हाताने कुंकू देत नाहीत, प्रसाद घेत नाहीत, आणि गोळी मारू?

"गोळीचा काय निवद दावायचाय का?"

घेतली. दस्ता डाव्या खांद्याला लावला, डावा डोळा खाचेमागे आणला. उजवा डोळा आपोआप मिटला. डावं बोट घोड्यावर गेलं. आणि मला काहीच आठवावं लागलं नाही — श्वास कुठे सोडायचा, कोपर कुठे टेकायचं, बोट किती दाबायचं. इतके रविवार जे जे मनात म्हणत मारत होते, त्यातलं काहीच म्हणावं लागलं नाही. बोल्ट मात्र उजवीकडे, त्यामुळे दरवेळी वरून हात टाकून ओढावा लागतो. पण वेळ भरपूर मिळतो.

पाच मारल्या. छगनराव कागद घेऊन आले, खिशातून नाणं काढून वर ठेवलं. चार झाकल्या. पाचवी कडेला.

त्यांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, "बाई, तुमी डावऱ्या हाय का?"

छे! लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने, पोळ्या लाटते उजव्याने. डावरी कुठली!

१५ डिसेंबर

हा महिना आई माझ्याकडे आहे. काल रात्री जेवताना तिला सांगितलं, हसत हसत. "आई, छगनराव म्हणतात मी डावरी आहे! डाव्या हाताने कसले बार काढले बघ." आणि तो कागद तिच्या ताटाशेजारी ठेवला.

आई हसली नाही. कागद हातातही घेतला नाही. अर्धी भाकरी ताटात टाकून उठली. माझ्या आईने अन्न टाकलेलं मी कधी बघितलं नाही.

आज सकाळी म्हणते, "मला बेलापूरला सोड." महिना व्हायला अजून पंधरा दिवस होते. ह्यांनी स्कूटरवर सोडली. डाव्या हाताचं अशुभ-बिशुभ काढलं असणार डोक्यात. जुनी माणसं! मला रागच आला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एक गोष्ट नीट जमली, तर त्यातही हिचं तोंड आंबट.

२८ डिसेंबर

दहा मारल्या. नऊ नाण्याखाली. छगनरावांनी चहा पाजला.

४ जानेवारी २०२६

आईला फोन केला. "बरी हाय" म्हणाली आणि फोन भावाच्या सुनेला देऊन टाकला.

१८ जानेवारी

स्पर्धा.

चाळीसजण होते, त्यात बायका नऊ. सगळ्यात म्हातारी मी, आणि माझ्यापेक्षा म्हातारी माझी रायफल. पोरींच्या हातात नव्या कोऱ्या, हलक्या. एकीने विचारलं, "आंटी, ही म्युझियममधली का?" दुसरी म्हणाली, "आणि तुम्ही लेफ्टी का?"

हो म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

 पहिली गोळी सातच्या रेघेत गेली. सरांचं आठवलं, दोष तिला द्यायचा नाही. डोळे मिटून पाचपर्यंत मोजलं. पुढच्या नऊ शांतपणे मारल्या. शंभरपैकी ब्याण्णव. बायकांत तिसरी!

छगनराव लांबूनच सॅल्यूट मारून गेले. हे तिथल्या तिथे रडायला लागले, पन्नास माणसांत. मी त्यांना रुमाल देत होते आणि स्वतः मात्र कोरडी. मला फक्त एवढंच वाटत होतं की आता कुणाला काही सांगायचं राहिलं नाही. रायफल सरळ होती, सुभेदार खरं बोलले होते, आणि मी नुसती चुकीच्या खांद्यावर होते.

दिल्ली काही परत येत नाही. पण आज झोप लागेल.

उद्या बेलापूरला जाऊन आईला सर्टिफिकेट दाखवते. बघू काय म्हणते.

१९ जानेवारी

हे डाव्या हाताने लिहितेय. फार वेळ लागतो, म्हणून थोडंच.

आईने सर्टिफिकेट बघितलं. माझा डावा हात मांडीवर घेतला आणि दाबत बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली —

"अडीच वर्साची हुतीस. समदं डाव्यानं करायचीस. लोक नावं ठेवायची, पोरीचं लगीन व्हनार न्हाई म्हनायची. म्या फडक्यानं बांधून ठेवायची ह्यो हात, पाठीमागं. दीड वरीस. लई रडायचीस. मंग यक दिवस रडायची थांबलीस. मला वाटलं, जमलं."